गिअरबॉक्स उघडण्याआधी : जुन्या रोटाव्हेटरची दुरुस्ती

मे महिन्यात वळीव पडून गेला की सांगली जिल्ह्यात रोटर मारायची घाई सुरू होते. उसाचा खोडवा मोडायचा असतो, हळदीसाठी रान भुसभुशीत करायचे असते, सोयाबीनची पेरणी तोंडावर आलेली असते. नेमक्या अशा वेळी रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समधून कटकट ऐकू येऊ लागली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. भाड्याचा रोटर मिळत नाही आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही. मग घाईघाईत पेटी उघडायची, दात गेलेला गिअर बदलायचा, तेल भरायचे आणि यंत्र रानात घालायचे. बरेचदा एक-दोन हंगामांत तोच गिअर पुन्हा तुटतो आणि दोष नव्या गिअरच्या दर्जावर जातो.

हे प्रकरण त्या दुसऱ्या तुटण्याविषयी आहे. जुन्या रोटाव्हेटरची पेटी बहुतेक वेळा बाहेरच्या कारणाने बिघडते. ते कारण पेटीच्या आतच आपल्या खुणा ठेवून जाते. त्या खुणा वाचता आल्या तर दुरुस्ती टिकते. नाही वाचल्या तर फक्त भाग बदलला जातो.

ताकदीचा रस्ता

रोटाव्हेटर हे ऑस्ट्रेलियाचे देणे. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा येथे वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी जमीन फोडायचे प्रयोग सुरू केले. सुरुवातीची पाती माती बाजूला उडवत. लहान व्यासाच्या शाफ्टवर, अंतर राखून बसवलेल्या चकत्यांना एल आकाराची पाती लावल्यावर ती अडचण सुटली. १९२० मध्ये त्याने पेटंट घेतले. आज आपल्या रानात फिरणाऱ्या यंत्राची पाती त्याच घडणीची आहेत.

ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो. दोन क्रॉस असलेल्या जोडशाफ्टमधून ही गती रोटाव्हेटरच्या मधल्या पेटीत येते. तिथे पिनियन आणि क्राऊन ही शंकूच्या आकाराच्या गिअरांची जोडी गती काटकोनात वळवते. तिथून एक आडवा शाफ्ट यंत्राच्या कडेला जातो आणि बाजूच्या पेटीतल्या गिअरांनी किंवा साखळीने ती गती खाली पात्यांच्या शाफ्टला मिळते. पाती फिरतात मिनिटाला साधारण दोनशे-सव्वादोनशे फेऱ्यांनी.

गती कमी होते, म्हणजे पिळाची ताकद तितकीच वाढते. पीटीओवर ४० अश्वशक्ती देणारा ट्रॅक्टर घेऊ. ५४० फेऱ्यांना त्याच्या शाफ्टवर सुमारे ५४ किलोग्रॅम-मीटर पीळ येतो. मीटरभर लांबीच्या दांडीच्या टोकाला ५४ किलो वजन टांगावे, तेवढा. पात्यांचा शाफ्ट २१० फेऱ्यांनी फिरत असेल तर तोच पीळ, घर्षणातली घट सोडून, १३८ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास जातो. पात्याचे टोक शाफ्टच्या मध्यापासून साधारण २४ सेंटिमीटरवर असते. सगळा जोर एकाच पात्यावर आला तर टोकाशी पावणेसहाशे किलोचा रेटा होतो. हा झाला इंजिनाचा सरळ जोर. पाच फुटी यंत्राचा साधारण ३६ पात्यांचा फिरता पिंजरा एखाद्या धोंड्यावर एका क्षणात अडला, तर त्याच्या फिरण्यातली साठलेली ऊर्जाही त्याच क्षणी दातांवर येते आणि धक्का याच्या कितीतरी पट होतो. क्राऊन-पिनियनच्या एकावेळी एकमेकांत असलेल्या एक-दोन दातांनी तो सोसायचा असतो.

आधी तुटायचा बोल्ट

हा धक्का दातांपर्यंत जाऊ नये म्हणून जोडशाफ्टवर शिअर बोल्ट असतो. घरातल्या फ्यूजचे जे काम, तेच याचे. ठरलेल्या जोराला तो कापला जातो आणि मागचे यंत्र सुटे होते.

ही युक्ती जगभरच्या अवजारांत आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या आर्थर सिकार्डने १९२५ मध्ये रस्त्यावरचा बर्फ खेचून दूर फेकणारे स्नो ब्लोअर तयार केले. आज अमेरिकेच्या थंड राज्यांत आणि कॅनडात घरासमोरचा बर्फ हटवायला त्याची छोटी आवृत्ती वापरतात. विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून तिकडे स्थिरावलेल्या सांगलीकरांच्या गॅरेजातही ती सापडेल. त्याच्या तोंडाशी स्क्रूसारखी फिरणारी पाती असतात आणि त्यांच्या मधोमध मुठीएवढी गिअरपेटी. आत पोलादी वर्म आणि त्याच्याशी भिडणारे ब्राँझचे चाक. पाती शाफ्टवर सैल असतात आणि केवळ शिअर पिनांनी बांधलेली असतात. बर्फात दडलेला दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्राचे भेंडोळे आत गेले की पिन तुटते, चाक वाचते.

जुन्या स्नो ब्लोअरची पेटी ज्या कारणाने जाते, ते आपल्या शेतकऱ्याने लक्षपूर्वक ऐकावे. वर्षानुवर्षे ग्रीस न दिल्याने पाती शाफ्टवर गंजून घट्ट बसतात. पिन तुटली तरी पाती सुटत नाहीत आणि सगळा धक्का ब्राँझच्या दातांवर जातो. पिन जागेवर असते, पण तिचे काम संपलेले असते. आपल्या जोडशाफ्टवरही हेच घडते. बोल्टच्या आतला हब आणि बाहेरचा योक एकमेकांवर मोकळे फिरायला हवेत. पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या यंत्रात ते गंजाने एकजीव होतात. म्हणून हंगामाआधी शिअर बोल्ट काढावा, योक हाताने हबवर फिरवून पाहावा, फिरत नसेल तर उघडून पॉलिश पेपर मारावा, ग्रीस भरावे आणि मगच बोल्ट परत घालावा.

दुसरी चूक अधिक सर्रास होते. गॅरेजात हा संवाद नेहमी ऐकू येतो :

“मिस्त्री, बोल्ट सारखा तुटायला लागला म्हणून दुकानातनं जरा भारी बोल्ट आणून घातला.”

“अण्णा, बोल्ट तुटत होता म्हणून तर पेटी टिकली होती.”

बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा बोल्टची ताकद सांगतो. ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन, ढोबळपणे ८० किलोचा ताण. १२ म्हणजे १२०० न्यूटन. कापले जाण्याची ताकद याच प्रमाणात वाढते. म्हणजे ८.८ च्या जागी १२.९ चा बोल्ट घातला की तो दीडपट जोराला तुटणार, आणि तोवर तो दीडपट जोर क्राऊन-पिनियनला, बेअरिंगला आणि ट्रॅक्टरच्या पीटीओलाही सोसावा लागणार. यंत्राच्या पुस्तिकेत जो व्यास आणि जो आकडा दिला आहे, त्याच बोल्टचे चार-पाच नग टूलबॉक्समध्ये ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

बोल्ट वारंवार तुटत असेल तर त्याचे कारण शोधायला हवे. भोके झिजून लंबगोल झाली की बोल्ट आत ठोके खातो आणि थोड्या जोरालाही तुटतो. पीटीओ चालू ठेवून यंत्र उचलले की क्रॉसचा कोन जास्त होतो आणि शाफ्ट झटके देत फिरतो. जोडशाफ्टचे दोन भाग साफसफाईनंतर चुकीच्या खाचेत घातले तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. मग एका क्रॉसने दिलेला हेलकावा दुसऱ्याने पुसायचा, तो उलट वाढतो. शाफ्टवर दोन्ही भागांना एकच आडवी खूण मारून ठेवली की ही चूक होत नाही.

दगड, गुंडाळा आणि पाणी

सांगली जिल्हा या बाबतीत मोठी शाळाच आहे, कारण इथे पेटीचे तिन्ही वैरी भेटतात.

पूर्वेकडे जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडे मुरमाड, गोट्यांची जमीन आहे. म्हैसाळ, ताकारी, टेंभू उपसा योजनांचे पाणी पोहोचले तसे जुने माळ लागवडीखाली आले आणि तिथे रोटर फिरू लागला. नव्याने फोडलेल्या माळात नांगराने वर काढलेले धोंडे वेचायच्या आत रोटर घातला, तर पेटीला दिवसभर ठोके बसतात. तिथे पीटीओची गती आणि ट्रॅक्टरचा गिअर दोन्ही कमी ठेवून आधी वरचेवर एक हात फिरवणे शहाणपणाचे.

दुसरा वैरी गुंडाळा. उसाचे पाचट, ठिबकच्या जुन्या नळ्या, द्राक्षबागेतली सुतळी आणि तार पात्यांच्या शाफ्टला गुंडाळली जाते आणि हळूहळू सरकत शाफ्टच्या टोकाला, सीलच्या ओठापाशी जाऊन बसते. फिरताना ती तापते, सीलचे रबर कापते. मग तेल बाहेर आणि माती आत. मातीमिश्रित तेल म्हणजे दातांना लावलेला घासकागद. रान बदलताना पाच मिनिटे यंत्र उचलून, इंजिन बंद करून, खाली आधार लावून विळ्याने गुंडाळा कापून काढणे हा नेम पाळला तर सील कितीतरी जास्त टिकते.

तिसरा वैरी पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. नदीकाठच्या गावांत ट्रॅक्टर आणि अवजारे दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. पूर ओसरल्यावर इंजिन उघडून पाहिले गेले, पण रोटरच्या पेटीतले तेल तसेच राहिले. आत शिरलेले पाणी तेलात मिसळून दुधासारखे पांढरे होते आणि अशा तेलाची फिल्म दातांमध्ये टिकत नाही.

पाणी शिरायला महापूरच लागतो असेही नाही. पेटीवर एक लहानसा श्वासमार्ग, ब्रीदर, असतो. काम करताना पेटी ८० अंशांपर्यंत तापली आणि लगेच गार पाण्याच्या फवाऱ्याने धुतली, तर आतली हवा सुमारे सहाव्या हिश्श्याने आकसते. ती पोकळी भरून काढायला पेटी ब्रीदरमधून आणि सीलच्या कडेने बाहेरचे पाणी आत ओढते. उलट ब्रीदर मातीने बुजला असेल तर तापलेल्या हवेचा दाब वाढून तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. नवे सील बदलूनही पुन्हा पुन्हा गळत असेल तर आधी ब्रीदर पाहावा. म्हणून यंत्र निवल्यावरच धुवावे.

पेटी उघडण्याआधी

इंजिन बंद, चावी खिशात, जोडशाफ्ट काढलेला आणि यंत्र भक्कम लाकडी ओंडक्यांवर. केवळ ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर तोललेल्या यंत्राखाली हात घालू नये. हे झाल्याशिवाय पान्हा उचलू नये.

मग तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढावे आणि नीट बघावे. दुधाळ असेल तर पाणी गेले आहे. राखाडी, चमचमते असेल तर दातांची बारीक झीज सुरू आहे. लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे बारीक पीठ थोडेफार असणे स्वाभाविक, पण नखाएवढे कण किंवा पातळ पापुद्रे आले की दात किंवा बेअरिंग सोलत आहे. चुंबकाला न चिकटणारे सोनेरी कण आले तर बेअरिंगचा पितळी पिंजरा किंवा बुश झिजतोय. जळका वास आणि काळा रंग म्हणजे पेटी कमी तेलावर तापली.

त्यानंतर इनपुट शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवावा. दात एकमेकांना भिडेपर्यंतचे मोकळे फिरणे म्हणजे प्ले. तो थोडा हवाच. मग शाफ्ट आत-बाहेर ओढून पाहावा. तो सरकत असेल तर बेअरिंग झिजले आहे. बेअरिंग झिजल्यामुळे गिअर एकमेकांपासून दूर गेले आणि त्यामुळे दात तुटले, असा क्रम फार वेळा सापडतो. तुटलेला दात दिसतो, सैल बेअरिंग दिसत नाही, म्हणून तपासणी या क्रमाने करायची.

तुटलेला दात वाचणे

झाकण उघडल्यावर पहिले काम म्हणजे काहीही न पुसता पाहणे. शक्य तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. शिम, म्हणजे अंतर ठरवणाऱ्या पातळ चकत्या, कोणत्या बाजूला किती होत्या, सर्क्लिप कुठे होती, हे नंतर आठवत नाही.

तुटलेल्या दाताचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरावा. संपूर्ण भाग खडबडीत, साखरेच्या दाण्यासारखा असेल तर तो दात एका फटक्यात तुटला आहे. कारण दगड, आणि जोडीला नको तितका मजबूत बोल्ट. याउलट पृष्ठभागाचा मोठा भाग गुळगुळीत असेल, त्यावर शिंपल्यासारख्या कमानदार रेषा असतील आणि कडेला थोडाच खडबडीत भाग असेल, तर तडा महिनोन्‌महिने वाढत होता. तो दात थकून तुटला. अशा वेळी गिअर चुकीच्या जागी बसले होते का, भार दाताच्या एका टोकालाच येत होता का, हे शोधायचे.

दात न तुटता त्यांच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले असतील तर वरचा कठीण थर सोलला गेला आहे. या गिअरांच्या पोलादाला वरून कार्बन मुरवून कडक केलेले असते. हा कडक थर साधारण मिलिमीटरभर जाड असतो आणि आतले पोलाद चिवट. तो थर गेला की उरलेला दात वेगाने झिजतो. काही ठिकाणी तुटलेला दात वेल्डिंगने भरून, घासून आकार देतात. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दातांचाही कडकपणा जातो आणि भरलेला दात त्या जोराला टिकत नाही. तुटलेल्या तुकड्याने मग चांगल्या बेअरिंगचा आणि पेटीचाही जीव जातो. पैसे वाचवायच्या इतर जागा आहेत, ही नव्हे.

बेअरिंगही बोलते. धावपट्टीवर रोलरांच्या अंतराइतक्या अंतरावर खळगे असतील तर तो ठोक्यांचा परिणाम. त्याच अंतरावर गंजाच्या काळ्या रेघा असतील तर यंत्र पाणी घेऊन महिनोन्‌महिने एका जागी उभे होते. निळसर झाक आली असेल तर तेल कमी पडले किंवा बेअरिंग फार आवळले गेले.

नवे बेअरिंग आणताना जुन्यावरचा क्रमांक वाचावा. ३०२०८ किंवा ६२०८ यांतल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो : ८ गुणिले ५, म्हणजे ४० मिलिमीटर. ऑइल सीलवरचे ३५-७२-१० हे आकडे शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगतात. हे वाचता येणाऱ्या माणसाला दुकानात चुकीचा माल देता येत नाही.

जुळणी : दहाव्या हिश्श्याचे काम

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. नव्या पिनियनला जुना क्राऊन कधीच नीट भिडत नाही.

बेअरिंग शाफ्टवर ठोकून बसवू नये. स्वच्छ तेलात ८० ते १०० अंशांपर्यंत गरम करावे. ४० मिलिमीटरचे भोक ७० अंशांनी तापले की सुमारे ०.०३ मिलिमीटर मोठे होते. केसाच्या जाडीपेक्षा कमी असलेली ही वाढ बेअरिंग अलगद सरकायला पुरते. थेट गॅसची ज्योत लावली तर कडकपणा उतरतो. ठोकावेच लागले तर पितळी ड्रिफ्ट वापरावा आणि जी कडी घट्ट बसायची आहे तिच्यावरच ठोका द्यावा, नाहीतर ठोका रोलरांतून जातो आणि नव्या बेअरिंगमध्ये पहिल्या दिवशीच खळगे पडतात.

आता या कामाचा गाभा, म्हणजे शिम. क्राऊन-पिनियन एकमेकांपासून किती अंतरावर बसावेत हे ०.१, ०.२, ०.५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी चकत्या ठरवतात. या आकाराच्या पेट्यांत दातांमधला प्ले सर्वसाधारणपणे ०.१५ ते ०.३ मिलिमीटरच्या घरात असतो. अचूक आकडा पुस्तिकेतून घ्यावा. डायल गेज असेल तर उत्तम. नसेल तर मऊ सोल्डरची बारीक तार दातांमध्ये ठेवून गिअर हाताने फिरवावा आणि चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण क्राऊन थोडा वाकडा बसला असेल तर तो इथेच सापडतो.

प्ले बरोबर आला तरी काम संपत नाही. दातांवर मार्किंग ब्लूचा पातळ हात द्यावा आणि शाफ्टला थोडा अडवून फिरवावा. भिडण्याचा ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या अरुंद टोकाकडे यावा. ठसा बाहेरच्या रुंद टोकाला आला तर क्राऊन पिनियनजवळ न्यावा, आतल्या टोकाला फार गेला तर दूर न्यावा. शिम बदलायची, पुन्हा जोडायचे, पुन्हा पाहायचे. हे तीन-चारदा करावे लागले तरी कंटाळू नये. सगळ्या दुरुस्तीत पेटीचे आयुष्य सर्वांत जास्त वाढवणारा तास हाच.

इथे एक बारीक जागा फार फसवते. ज्या झाकणात बेअरिंग बसते, त्या झाकणाखालचे कागदी पॅकिंग हा मोजमापाचाच भाग असतो. जुने अर्ध्या मिलिमीटरचे पॅकिंग काढून नुसता सिलिकॉनचा थर दिला की बेअरिंग तितके आत दाबले जाते. पेटी गळत नाही, पण आवळून तापते. पॅकिंग त्याच जाडीचे घालावे. निमुळत्या रोलरांचे बेअरिंग किती आवळले आहे हे पाहायला शाफ्टला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढावी आणि फिरायला लागणारा जोर पुस्तिकेशी ताडून पाहावा.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. स्प्लाइनवर सेलोटेप गुंडाळून, ओठाला ग्रीस लावून सील सरकवावे, म्हणजे धारदार खाचा ओठ कापत नाहीत. जुन्या शाफ्टवर सीलने खाच पाडलेली असेल तर नवे सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवून त्याला कोऱ्या जागी टेकवावे. तेवढी जागा नसेल तर लेथवर पातळ बाही चढवून घ्यावी.

शेवटी तेल. शंकूगिअरांच्या पेटीला पुस्तिकेत सांगितलेले ९० किंवा १४० नंबरचे ईपी गिअर तेल. ते लेव्हल प्लगपर्यंतच भरावे. जास्त भरले तर घुसळून तापते आणि सीलमधून वाट काढते. बाजूच्या पेटीचे तेल वेगळे असते आणि तेच सर्वांत जास्त विसरले जाते. ब्राँझचे चाक असलेल्या वर्म पेटीला मात्र हे तीव्र गंधकयुक्त ईपी तेल घालू नये, ते ब्राँझला खाते. स्नो ब्लोअरच्या जुन्या पेट्या चुकीच्या तेलानेही जातात, आणि आपल्याकडच्या वर्म पेट्यांनाही तोच नियम लागू आहे.

कारागिराची शाळा

या दुरुस्तीला लागणारे सगळे काही या पट्ट्यात आहे आणि ते उगाच आलेले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला तो बेळगावात. पुढे १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. शेतकऱ्याचे अवजार इथे ओतायचे, इथेच कातायचे, ही परंपरा तिथून. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव वसाहतींतल्या फाउंड्र्या मोटारी आणि ट्रॅक्टरचे ओतीव भाग देशभर पुरवतात. सांगलीत १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले आणि १९५५ मध्ये त्याला वालचंद हे नाव मिळाले. विश्रामबागच्या त्या आवारापासून कुपवाडची औद्योगिक वसाहत जवळच. शिकलेला अभियंता आणि हाताने शिकलेला टर्नर एकमेकांच्या हाकेवर आहेत, आणि तरीही रोटरच्या पेटीचे काम बहुधा मोजमापाशिवाय होते.

याला कारागीर एकटा जबाबदार नाही. हंगामात दारात पाच ट्रॅक्टर उभे असताना कुणी डायल गेज लावत बसत नाही आणि गिऱ्हाईकही तेवढे थांबत नाही. म्हणून पेटीचे काम पावसाळ्यात, रोटर मोकळा असताना काढावे. त्या वेळी मिस्त्रीलाही सवड असते. कुपवाडच्या एखाद्या शेडमध्ये डायल गेज, पुलर आणि छोटी प्रेस ठेवून वर्षातून दोन दिवस महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि गावोगावचे मिस्त्री एकत्र बसले, तर दोघांचे शिक्षण होईल. विद्यार्थ्याला थकून तुटलेला दात पुस्तकाबाहेर पाहायला मिळेल आणि मिस्त्रीला शिमचा हिशेब.

दुरुस्त झालेली पेटी आधी पंधरा मिनिटे भाराविना, कमी गतीवर फिरवावी. हात ठेवता येईल इतपत कोमट झाली तर ठीक. चटका बसला तर बेअरिंग आवळले गेले आहे. पहिल्या काही तासांच्या कामानंतर तेल बदलावे, कारण नव्या दातांची सुरुवातीची झीज त्यात उतरलेली असते. त्याच वेळी सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.

आणि बिलाच्या मागे दोन ओळी लिहून घ्याव्यात. कोणता भाग बदलला, हे तर बिलातच असते. तो कशामुळे गेला आणि ते कारण दूर केले का, हे मिस्त्रीकडून वदवून घेऊन तारखेसह लिहावे : शिअर बोल्ट ८.८ चा परत घातला, ब्रीदर मोकळा केला, शिम एवढ्या. पुढच्या वेळी पेटी उघडणाऱ्याला, तो कुणीही असो, या दोन ओळी नव्या क्राऊन-पिनियनइतक्याच मोलाच्या ठरतात.